दोन फूट नऊ इंच

बाहेरून मोजलेलं सभागृह आतून मोजलेल्या सभागृहापेक्षा दोन फूट नऊ इंचांनी लांब भरत होतं. भिंतींची जाडी धरून, गिलावा धरून, चौकटी धरून, सगळं सगळं धरून. विद्युलताने बेरीज वरून खाली केली, मग खालून वर केली. मग पेन्सिलीला टोक काढलं, जणू दोष पेन्सिलीचाच होता, आणि पुन्हा केली. ते दोन फूट नऊ इंच न बोलावलेल्या पाहुण्यासारखे ठाण मांडून बसले होते ते बसलेच.

"मंगळवार," ती स्वतःशीच पुटपुटली. "मंगळवारीच झालं हे."

मंगळवारी सकाळी अकरा वाजता ती सभागृहात टेपचं एक टोक धरून उभी होती. दुसरं टोक सुब्बाच्या हातात होतं. सुब्बा ऑफिसातला जुना शिपाई, निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, आणि टेप धरावी तर त्यानेच. तेवढ्यात बाहेरच्या व्हरांड्यातून कनकाचं रडणं आलं. कनका पाच महिन्यांची. त्या उंच छताखाली ते एवढंसं रडणं असं घुमलं की चार कनका चार कोपऱ्यांतून रडताहेत असं वाटावं. विद्युलताचा पदर बघता बघता ओला झाला. आठव्या गाळ्याशी, म्हणजे आठव्या खिडकीपाशी, टेप तशीच जमिनीवर टाकून ती धावली. पाजून परत आली, वही उघडली, पुढचा आकडा लिहिला. तिथेच काहीतरी सुटलं असणार. दुसरं कुठे सुटणार?

विद्युलता मूळची कोल्हापूरची. तिचे वडील ओव्हरसियर होते. मुलगा नाही म्हणून त्यांनी मुलीलाच ड्रॉइंगबोर्डापुढे बसवलं आणि तिला त्याची गोडी लागली. लग्न होऊन ती मद्रासला आली ती तंजावरकडच्या मराठी घरात. नवरा, रामस्वामी, रेल्वेच्या ऑफिसात. मद्रासमध्ये इमारतींच्या सरकारी खात्यात तिला ट्रेसरची जागा मिळाली. ट्रेसर म्हणजे दुसऱ्याने काढलेला नकाशा निळसर ट्रेसिंग कापडावर शाईने जसाच्या तसा उतरवणारा. नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकोन असतो, त्यात कुणी मोजलं, कुणी काढलं, कुणी तपासलं ते लिहितात. ट्रेसरचं नाव त्या चौकोनात नसतं. चार वर्षांत विद्युलताने दीडशेच्या वर नकाशे उतरवले होते, पण तिचं नाव त्यांतल्या एकावरही नव्हतं.

आणि आता संधी आली होती. समुद्रासमोरच्या विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, जिथे परीक्षा होतात त्या मोठ्या सभागृहात, उन्हाळ्याच्या परीक्षेला दोन मुलं चक्कर येऊन पडली. विजेचे पंखे बसवायचे ठरलं. पंख्यांसाठी नकाशा हवा आणि जुना नकाशा वाळवीने केव्हाच खाल्लेला. ड्राफ्ट्समन टायफॉइडने आडवा. मुख्य ड्राफ्ट्समन सेतुमाधवराव यांनी चष्म्यावरून सगळी टेबलं पाहिली आणि त्यांची नजर विद्युलतावर येऊन थांबली.

"मोजता येतं ना तुला?"

"हो, सर."

"पुढच्या शुक्रवारपर्यंत नकाशा दे. बरोबर निघाला तर चौकोनात तुझं नाव घालू, आणि ड्राफ्ट्समनच्या जागेसाठी वर शिफारस करू. नाही निघाला तर..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं आणि तपकीर ओढली.

बाळंतपणाच्या रजेवरून परत येऊन तिला जेमतेम दीड महिना झाला होता. शेजारच्या टेबलांवरून कुजबुज व्हायचीच. मन घरी असतं हो बायकांचं, त्यात पाळण्यातलं मूल. ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची. पण आज ते दोन फूट नऊ इंच समोर बघून तिला वाटलं, खोटं तरी काय म्हणतात?

बुधवारी तिने वही सेतुमाधवरावांपुढे ठेवली. "सर, मापं जुळत नाहीत. माझीच चूक आहे. मध्ये मुलीला घ्यायला उठले होते. पुन्हा मोजून येते."

त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, आकडा पाहिला आणि आठ्या गेल्या. "गाळे किती?"

"अकरा. खिडकीगणिक एक."

"तेहतीस इंच भागिले अकरा. गाळ्यामागे तीन इंच. वाटून टाक."

"वाटून?"

"अगं, शंभर वर्षांची इमारत. टेप ढिली पडते, भिंत फुगते, कुणी वाकडा उभा राहतो. थोडी चूक सगळीकडे सारखी वाटली की कुठेच दिसत नाही. आम्ही काय दुसरं करत आलो? पंखे तीन इंचांनी इकडेतिकडे झाले तर वारा लागायचा थांबणार आहे का?"

ते बोलले ते काही लबाडीने नव्हे. ऑफिसची रीतच होती ती, आणि दोन-तीन इंचांपर्यंत ती चालायचीही. विद्युलताने मान डोलावली आणि मनातल्या मनात देवाचे आभार मानले. गुरुवार दुपारपर्यंत तिने प्रत्येक गाळा तीन इंचांनी ताणला, ट्रेसिंग कापडावर शाईने रेघा ओढल्या आणि कोपऱ्यातला चौकोन आखला. नावाची जागा कोरी ठेवली. नाव सेतुमाधवरावच घालायचे, शिक्का मारताना. नकाशा सुरेख दिसत होता. अकरा गाळे कसे एका मापाचे, शाळेच्या कवायतीला उभ्या केलेल्या पोरींसारखे.

आता राहिली होती फक्त कमानींची उंची, उभ्या नकाशासाठी. ती घ्यायला ती आणि सुब्बा चार वाजता पुन्हा सभागृहात गेले.

ती इमारत विद्युलताला आवडायची. तसं कुणाला सांगितलं नव्हतं. एखाद्या इमारतीवर जीव जडला हे कुणाला सांगणार? बाहेरून घुमटांचे मनोरे, लाल विटांत पांढऱ्या दगडाचे पट्टे. आत पाय टाकला की डोळ्यांना आधी काळोख वाटायचा. मग हळूहळू छत दिसायचं, मग छतावरची नक्षी, मग नक्षीतली सोनेरी रेघ. दक्षिणेच्या जिन्याला वळणावर एक रुंद पायरी होती आणि तिच्यावर रंगीत काचेची खिडकी. ती पायरी म्हणजे विद्युलताची पाजायची जागा. तिथे कुणी येत नसे. कनका दूध प्यायची आणि तिच्या गालावरून एक तांबडा ठिपका हळूहळू सरकत कानापर्यंत जायचा. तो कानाशी पोचला की पोट भरलेलं असायचं. अशी पायरी बांधणाऱ्याने बाळंतिणीचा विचार केला नसणारच, पण झाली होती खरी छान.

कनकाला आणायच्या त्या तिच्या सासूबाई. सगळे त्यांना अम्मा म्हणत. ट्रिप्लिकेनहून हातरिक्षाने नातीला घेऊन यायचं, व्हरांड्यातल्या कमानीच्या लोखंडी कडीला जुन्या नऊवारीची झोळी बांधायची आणि झोका देत बसायचं. पहिल्या दिवशी पहारेकरी आडवा आला होता. "इथे असलं काही बांधायचं नाही," म्हणाला. अम्मांनी त्याला त्याचं गाव विचारलं, मग आईचं नाव, मग त्याला लहानपणी कुठल्या झोळीत झोपवायचे ते विचारलं. दुसऱ्या दिवसापासून तो स्वतःच कडी पुसून ठेवायला लागला.

अम्मांची मराठी तंजावरची. जुन्या पोथीतले शब्द आणि तमिळची चाल. लग्नानंतरचे पहिले सहा महिने विद्युलताला त्यांचं निम्मं बोलणं कळत नसे आणि अम्मांना तिचं. आता दोघींचं एक तिसरंच काहीतरी झालं होतं.

त्या दिवशी व्हरांड्यात ऊन होतं, म्हणून अम्मा कनकाला खांद्यावर टाकून सभागृहात फिरत होत्या. फरशी गार होती. विद्युलता शिडीवर, सुब्बा शिडी धरून.

"काय गे विद्दू," खालून हाक आली, "हे कोलम अर्धंच सोडलंन की!"

"कोलम कुठलं, अम्मा? रांगोळी नव्हे, फरशी आहे ती."

"फरशी काय न् पीठ काय. काढणाऱ्याचा हात तोच. ये बघ."

"अम्मा, मी शिडीवर आहे."

"मग उतर. नातीला घेऊन मी वर चढू काय?"

सुब्बा हसला. विद्युलता उतरली.

अम्मा समुद्राकडच्या टोकाला, आखूड भिंतीपाशी उभ्या होत्या. या बाजूला भिंत सपाट, चुन्याने रंगवलेली, तिच्यावर कुणा जुन्या कुलगुरूंची तसबीर. फरशीवर तांबड्या-काळ्या चांदण्यांची नक्षी होती. एकीला लागून दुसरी, अशा सभागृहभर. आठ दिवस विद्युलता त्याच चांदण्यांवरून चालत होती. तिने भिंती मोजल्या होत्या, खिडक्या मोजल्या होत्या, पण खाली पाहिलं नव्हतं.

"हा बघ काठ." अम्मांनी पायाच्या अंगठ्याने लांब भिंतीच्या कडेची काळी पट्टी दाखवली. "ह्या अंगाला काठ, त्या अंगाला काठ. तिकडे मंचासमोर पण आहे. अस्क्या, सगळ्या अंगाला आहे. आणि ह्या टोकाला? पदर कुठे आहे हिचा? चांदणी मध्येच कापलीये. बरोब्बर अर्धी."

"जागा पुरली नसेल, अम्मा."

अम्मांनी तिच्याकडे असं पाहिलं की जणू तिने आमटीला फोडणी द्यायला विसरल्याची सबब सांगितली. "अगे, पहाटे उठून दारात कोलम काढणारी शेंबडी पोर पण आधी ठिपके मोजते. जागा किती, ठिपके किती. मग रेघ. इतका मोठा घुमट बांधणाऱ्याला ठिपके मोजता येईनात होय? त्याने पुरं काढलंन. ही भिंत येऊन बसलीये त्याच्यावर."

विद्युलताने सुब्बाच्या हातातून टेप घेतली, गुडघ्यांवर बसली आणि एक पुरी चांदणी मोजली. तीन फूट सहा इंच. निम्मी म्हणजे एक फूट नऊ. काळ्या काठाची रुंदी मोजली. बरोबर एक फूट.

एक फूट नऊ, आणि एक फूट.

तिने मनातच बेरीज केली. मग उठून तसबिरीखालच्या भिंतीवर बोटाच्या पेरांनी टकटक केली. बाजूच्या भिंतीवर केली. बाजूची भिंत दगडासारखी मुकी. ही मात्र बोलली, रिकाम्या डब्यासारखी.

"सुब्बा, ऐकलंत?"

"ऐकलं, अम्मा." सुब्बा सगळ्याच बायकांना अम्मा म्हणायचा. "आत जागा आहे."

म्हणजे मंगळवारी काही सुटलं नव्हतं. एकही आकडा नाही. विद्युलताला हसू आलं. तिने कनकाला अम्मांच्या खांद्यावरून ओढून घेतलं आणि तिच्या मानेत नाक खुपसलं. दोन दिवस मनातल्या मनात या एवढ्याशा जिवाला तिने दोषी धरलं होतं.

मग तिला टेबलावरचा नकाशा आठवला.

तो शाईने पुरा झाला होता. उद्या शुक्रवार. सेतुमाधवराव त्याच्यावर शिक्का मारणार होते, चौकोनात तिचं नाव घालणार होते. गप्प बसलं तर सगळं व्यवस्थित होतं. पंखे लागले असते. भिंत आणखी सत्तर वर्षं तशीच राहिली असती, कुणाला पत्ता लागला नसता. आणि सांगायचं म्हणजे काय सांगायचं? की तुम्ही सांगितलेली रीत चुकली, सर. तीही दीड महिन्यापूर्वी रजेवरून आलेल्या ट्रेसरने, आणि पुरावा काय, तर माझ्या सासूबाईंना कोलम अर्धं वाटलं.

"काय झालं गे? तोंड का उतरलं?"

तिने सांगितलं. अम्मांनी ऐकून घेतलं आणि कनकाचं टोपडं सरळ केलं.

"त्या कागदावर तुझं नाव येणार ना?"

"हो."

"मग चुकलेल्या कोलमावर नाव घालून घेतेस होय?" एवढंच म्हणाल्या आणि झोळी सोडायला गेल्या.

ऑफिस तिथून पाच मिनिटांवर. सेतुमाधवराव छत्री घेऊन निघण्याच्या तयारीत होते. विद्युलताने एका दमात सगळं सांगितलं. चांदणी, काठ, एक फूट नऊ, एक फूट. रिकामी भिंत. शेवटी म्हणाली, "गाळे वाटून टाकले ते चूक झालं, सर. आतल्या मापात काही सुटलंच नव्हतं."

त्यांचा चेहरा लाल झाला. "तीस वर्षं नकाशे काढतोय मी. आता फरशीवरच्या फुलांवरून मला शिकवणार तुम्ही?"

"फुलं नाहीत, सर. चांदण्या."

बोलून गेल्यावर तिला वाटलं, संपलं आता. सेतुमाधवरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या नकाशाकडे, मग खिडकीबाहेर. तपकिरीची डबी काढली आणि न उघडताच परत खिशात टाकली.

"चल," म्हणाले. "दाखव."

अम्मा व्हरांड्यातच बसल्या होत्या. सेतुमाधवरावही तंजावरकडचेच. अम्मांना पाहताच त्यांची छत्री काखेत गेली आणि आवाज खाली आला. "अक्का, तुम्ही का ही भानगड काढली?"

"भानगड भिंतीची आहे, बाबा. मी नुसती फरशी पाहिली."

त्यांनी फरशी पाहिली. छत्रीच्या मुठीने भिंत ठोकली, एकदा, दोनदा. मग तडक बाहेर गेले. समुद्राच्या बाजूला तीन उंच कमानी होत्या, फळ्या ठोकून बंद केलेल्या. अशा नुसत्या शोभेच्या आंधळ्या कमानी इमारतीला आणखीही होत्या, म्हणून आजवर कुणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. सुब्बाने पहारेकऱ्याकडून पहार आणली आणि मधल्या कमानीची एक फळी उचकटली.

आतून कोंदट हवा आली. मग बाहेरून समुद्राचा वारा आत घुसला आणि धूळ उडाली. फळीमागे दगडाची नाजूक कोरलेली जाळी, जाळीमागे दोन फुटांची मोकळी जागा, आणि पलीकडे विटांच्या भिंतीची न रंगवलेली पाठ. खाली कुजलेल्या गोणपाटाच्या चिंध्या आणि वाळूचे ढीग. वाळूतून फरशीचा काळा काठ डोकावत होता.

सेतुमाधवरावांनी जाळीला कपाळ टेकवून बराच वेळ आत पाहिलं.

"बेचाळीस साल," शेवटी ते म्हणाले. "जपानी येणार, बॉम्ब पडणार म्हणून मद्रास रिकामं झालं होतं. समुद्राकडच्या खिडक्यांच्या आत अशा भिंती घालायचे, स्फोट झाला तर आतली माणसं वाचावीत म्हणून. आम्ही बायकापोरं घेऊन कुंभकोणमला पळालो होतो. परत आलो तेव्हा कुणीतरी चुना लावून टाकला होता, तसबीर टांगली होती. बघायला होतं कोण?" मग स्वतःशीच हसले. "जपानी आले नाहीत. आम्ही मात्र सतरा वर्षं वारा कोंडून पोरांना चक्कर आणली."

विद्युलता मागे उभी होती. त्यांनी वळून पाहिलं.

"नवा नकाशा किती दिवसांत होईल?"

"सोमवारी देते, सर."

"ती भिंत वेगळ्या रेघांनी दाखव. लिही, 'नंतरची भिंत, काढावी.' गाळे मोजले तसे ठेव. कुठेही वाटून टाकू नकोस." थोडं थांबून म्हणाले, "उशिराचं वर मी सांगेन. वाटून टाक म्हणणारा मी होतो."

सोमवारी नवा नकाशा टेबलावर आला. सेतुमाधवरावांनी आपल्या गोल, टपोऱ्या अक्षरात कोपऱ्यातल्या चौकोनात लिहिलं: मोजणी, विद्युलता रामस्वामी. तिच्यासमोरच लिहिलं, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. मग जुना, तीन-तीन इंच ताणलेला नकाशा उचलला आणि त्याच्यावर 'रद्द' असा लाल शिक्का मारला.

"हा घेऊन जा," म्हणाले.

ट्रेसिंगचं कापड काय असतं ते ऑफिसातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. वरची खळ धुऊन काढली की आत तलम, मऊसूत सुती कापड निघतं, बाजारात मिळत नाही असलं. ऑफिसात कुणाच्या घरी मूल झालं की रद्द नकाशा बाजूला ठेवायची चाल होती. कनका झाली तेव्हा मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. बाई ट्रेसर होती, आणि बाळ बाईचंच होतं, म्हणून असेल.

अम्मांनी ते कापड रात्रभर भिजवलं, सकाळी चोळलं, तीनदा पाणी बदललं. शिक्क्याचा लाल रंग गेला, खळ गेली. काळ्या शाईच्या रेघा मात्र फिकट राखाडी होऊन राहिल्या. त्याची दोन झबली झाली. एकाच्या पोटावर आडव्या ओळीत गाळे आले.

दिवाळीनंतर भिंत पाडली. त्या दिवशी विद्युलता मुद्दाम कनकाला घेऊन गेली. ती आता बसायला लागली होती. कमानी उघड्या होत्या, दगडी जाळीतून वारा येत होता, आणि फरशीवर भिंत बसली होती तेवढी एक खरबरीत पट्टी सोडली तर चांदणी पुरी होती, काठही जागेवर होता. अम्मांनी लगेच वाकून काठ तपासला. मान हलवली. पसंत पडलं.

विद्युलताने कनकाला त्या चांदणीच्या मधोमध बसवलं. सेतुमाधवराव गुडघ्यांवर हात ठेवून तिच्यापुढे वाकले आणि चष्मा सारखा करून तिच्या झबल्याकडे बघत राहिले.

"कनकाबाई," अगदी गंभीरपणे म्हणाले, "तुमच्या पोटावरचा प्रत्येक गाळा तीन इंच जास्त आहे हो."

कनकाने त्यांची छत्री धरली आणि काही केल्या सोडेना.